इलेक्ट्रॉनच्या स्पिनला जालकाचे कंपन जाणवत नसेल, तर पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन त्याच्यामुळे बदलते कसे?

प्रश्न : लॅम्डा_शोधक

नमस्कार. मी भौतिकीत पीएच.डी.चे काम करतो आहे. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकाचा निर्वातात नुकताच उघडा केलेला पृष्ठभाग घेऊन, कोनभेदी प्रकाशउत्सर्जनाच्या (प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजण्याच्या) साहाय्याने त्यावरील पृष्ठीय अवस्थेची (पृष्ठभागापुरत्याच असलेल्या इलेक्ट्रॉन-अवस्थेची) रेषारुंदी वेगवेगळ्या तापमानांना मोजणे, आणि त्या रुंदीच्या वाढीवरून इलेक्ट्रॉन आणि फोनॉन (जालकाच्या कंपनाचे ऊर्जापुंज) यांच्या युग्मनाचा गुणांक लॅम्डा काढणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे.

माझी अडचण मूलभूत आहे. पाठ्यपुस्तकात या युग्मनाचे जे पद लिहिलेले असते, त्यात स्पिन कुठेही नसतो. आयन जागचा हलतो, इलेक्ट्रॉनला जाणवणारे विभव बदलते आणि इलेक्ट्रॉन एका तरंगसदिशाच्या (म्हणजे संवेगाच्या) अवस्थेतून दुसरीत जातो. स्पिन होता तसाच राहतो. असे असताना या पदार्थाबद्दल मात्र सर्वत्र असे सांगितले जाते की, पृष्ठीय इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या संवेगाशी जखडलेला असल्यामुळे उलट दिशेचे प्रकीर्णन निषिद्ध आहे आणि म्हणून फोनॉनांशी त्याचे युग्मन दुबळे असले पाहिजे. माझ्या मोजमापात रेषारुंदी तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते, आणि तिचा उतार दुर्लक्ष करण्याइतका लहान मुळीच नाही. प्रसिद्ध झालेले आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत : प्रकाशउत्सर्जनातून २०११ साली सुमारे ०.२५, तर २०१२ साली सुमारे ०.०८ असे मूल्य आले, आणि त्याच वर्षी हेलियम अणूंच्या प्रकीर्णनातून ०.४३ हे सरासरी मूल्य आले.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की, स्पिनचा युग्मनावर परिणाम होतो असे म्हणताना नेमके काय बदलते? स्पिन फक्त काही वाटा बंद करतो, की युग्मनाचे पदच बदलून टाकतो? आणि हे सारे पृष्ठभागावरच इतके ठळक का दिसते?

उत्तर : सैद्धांतिक_वाचक

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर उभे आहे. ज्या स्फटिकाला केंद्रसममिती (केंद्राभोवती उलटवले तरी तसाच दिसण्याचा गुण) असते आणि जो चुंबकीय नसतो, त्याच्या अंतर्भागात प्रत्येक तरंगसदिशापाशी दोन्ही स्पिनांच्या अवस्था समान ऊर्जेच्या असतात. पृष्ठभागाच्या एका बाजूला स्फटिक आणि दुसऱ्या बाजूला निर्वात असल्यामुळे केंद्रसममिती तिथे उरतच नाही, आणि अणू जड असतील तर स्पिन-कक्षा युग्मनामुळे (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्या जोडणीमुळे) ही समान ऊर्जा फुटते. सोन्याच्या (१११) पृष्ठावर हे विभाजन १९९६ मध्ये प्रकाशउत्सर्जनात दिसले. फर्मी पातळीपाशी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेपाशी) ते सुमारे ११० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एकदा तरंगसदिश ठरला की स्पिनची दिशाही ठरते, अशी ही स्थिती आहे. म्हणून फोनॉन स्पिनला हात लावत नसला, तरी इलेक्ट्रॉन ज्या अवस्थेत जाणार तिथला स्पिन आधीच ठरलेला असल्यामुळे दोन स्पिनांचे आच्छादन हिशेबात घ्यावे लागते.

हे आच्छादन साधे आहे. दोन तरंगसदिशांमधील कोन थीटा असेल, तर एकाच शाखेच्या (विभाजनातून आलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकाच्या) आत होणाऱ्या प्रकीर्णनाला (१ + कोसाइन थीटा) भागिले २ हा घटक गुणावा लागतो. कोन शून्य असेल तर घटक १ आणि कोन १८० अंश असेल तर शून्य. उलट प्रकीर्णन निषिद्ध असते ते इथे.

मात्र जे पुष्कळदा सांगायचे राहून जाते ते असे की, सोन्यासारख्या पृष्ठावर एकमेकांत बसलेली दोन फर्मी वर्तुळे (फर्मी पातळीवरील तरंगसदिशांची वर्तुळे, प्रत्येक शाखेचे एक) असतात, आणि एका वर्तुळावरून दुसऱ्यावर जाण्याचा घटक (१ − कोसाइन थीटा) भागिले २ असतो. दोन्हींची बेरीज करा. ती १ येते. म्हणजे विभाजन लहान असेल आणि फोनॉनचे स्वतःचे विभव-घटक दोन्ही वर्तुळांसाठी जवळजवळ सारखे असतील, तर एका शाखेत बंद झालेले दार दुसऱ्या शाखेत उघडते, आणि एकूण लॅम्डा होता तितकाच राहतो. सोन्याच्या पृष्ठावर स्पिन जखडलेला आहे, तरीही केवळ तेवढ्यामुळे तिथले युग्मन दुबळे झाले असे म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयातील निम्मे गैरसमज ही बेरीज न केल्यामुळे निर्माण झाले आहेत.

बिस्मथ सेलेनाइडची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे दुसरे वर्तुळ त्या पृष्ठावर नाहीच. त्याचा जोडीदार स्फटिकाच्या समोरच्या पृष्ठावर आहे. त्यामुळे घट खरी आहे, पण ती किती? सर्व कोनांना सारखेच महत्त्व दिले तर वरील घटकाची सरासरी अर्धी येते. शून्य नव्हे, अर्धी. आपण रेषारुंदी मोजता, आणि रेषारुंदीला इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने गेला याच्याशी कर्तव्य नसते. तो मूळ अवस्थेतून निघून गेला एवढेच तिला पुरते. विद्युतरोध मोजला असता, तर मोठ्या कोनांना अधिक वजन देणारा (१ − कोसाइन थीटा) हा घटक आणखी गुणावा लागला असता, आणि मग सरासरी एक-चतुर्थांश आली असती. सारांश, स्पिनचे संरक्षण विद्युतवहनात जितके जाणवते त्याच्या निम्मेच ते आपल्या मोजमापात जाणवते. एका चांगल्या प्रयोगशाळेतही "उलट प्रकीर्णन नाही, म्हणून रेषा अरुंद असली पाहिजे" असा युक्तिवाद मी ऐकला आहे; तो टिकत नाही.

उलट प्रकीर्णनाच्या निषेधाबद्दल एक खुलासा. तो केवळ स्पिनच्या आच्छादनावर उभा नाही, त्याचा पाया अधिक भक्कम आहे. परस्परविरुद्ध तरंगसदिशांच्या दोन अवस्था कालव्युत्क्रमाने (काळाची दिशा उलटवण्याच्या क्रियेने) जोडलेल्या असतात, आणि अर्धपूर्णांकी स्पिनसाठी ही क्रिया दोनदा केली असता उणे चिन्ह येते; त्यामुळे कालव्युत्क्रमाखाली न बदलणाऱ्या कोणत्याही विभवाचा त्या दोन अवस्थांमधील घटक स्वतःच्याच उणे किमतीइतका, म्हणजे शून्य भरतो. आयनांचे विस्थापन कालव्युत्क्रमाखाली बदलत नाही, म्हणून हे फोनॉनांनाही लागू पडते. फोनॉन थोडी ऊर्जा घेतो किंवा देतो, त्यामुळे दोन अवस्था तंतोतंत जोडीदार नसतात हे खरे. पण काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांचा हा फरक डिरॅक बिंदूपासून (पृष्ठीय अवस्थेचे पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथपासून) मोजलेल्या शेकडो मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या ऊर्जेपुढे किरकोळ आहे. निषेध थोडा सैल होतो, मोडत नाही.

उत्तर : गणनामग्न

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात स्पिनला केवळ द्वारपालाची भूमिका मिळाली आहे. जड मूलद्रव्यांत स्पिन-कक्षा युग्मन इतर मार्गांनीही लॅम्डा बदलते, आणि हा बदल वाढीच्या दिशेनेही असू शकतो.

शिसे हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. शिशाच्या अंतर्भागाला केंद्रसममिती आहे, म्हणजे तिथे स्पिनाधारित विभाजन नाहीच. तरीही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूलतत्त्वाधारित गणनेत स्पिन-कक्षा युग्मन वगळले असता लॅम्डा सुमारे १.१ आला आणि ते घेतले असता १.५ च्या पुढे गेला. प्रयोगातून मिळालेले मूल्यही १.५५ च्या आसपास आहे. वाढीची कारणे दोन आढळली : फोनॉनांच्या वारंवारता खाली येतात आणि युग्मनाचे घटकही मोठे होतात. यातले पहिले कारण नीट लक्षात घेण्यासारखे आहे, कारण लॅम्डाच्या सूत्रात फोनॉनची वारंवारता छेदात बसलेली असते आणि जालक मऊ झाले की लॅम्डा आपोआप वाढतो. इथे कोणतेही दार बंद झालेले नाही. बंधांचे स्वरूपच बदलले आहे.

पृष्ठभागावर आणखी एक मार्ग उघडतो. स्पिन-विभाजनाची ताकद पृष्ठालगतच्या विभवाच्या उतारावर आणि जड अणूच्या उंचीवर अवलंबून असते. चांदीच्या (१११) पृष्ठावर बिस्मथचा मिश्रथर दिला असता जे प्रचंड विभाजन २००७ मध्ये नोंदले गेले, ते बिस्मथचे अणू पृष्ठाच्या पातळीपासून किती वर उचलले गेले आहेत याला फार संवेदनशील आहे. मग तोच अणू कंपनात वर-खाली होऊ लागला, तर विभाजनाची ताकदही त्याच्याबरोबर वर-खाली होणार. म्हणजे फोनॉनच्या विस्थापनाला थेट स्पिनच्या क्रियाकाने गुणलेले एक पद युग्मनात येते. आपल्या पाठ्यपुस्तकातील पदात स्पिन नाही हे खरे. पण ते पद हलक्या अणूंसाठी लिहिलेले आहे. स्पिन उलटवणाऱ्या फोनॉन-प्रकीर्णनाचा विचार इलियट यांनी १९५४ मध्ये आणि याफेट यांनी १९६३ मध्ये धातूंच्या अंतर्भागासाठी मांडला होता. पृष्ठभागावर सममिती कमी असल्यामुळे अशा पदांना अधिक मोकळीक मिळते.

अवस्थांच्या घनतेचाही परिणाम आहे. फर्मी पातळी दोन शाखांच्या छेदबिंदूच्या खाली, पट्ट्याच्या तळाजवळ असेल, तर द्विमितीय असूनही घनता एकमितीय पद्धतीने वाढते. तळाशी ती ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. कपेलुटी, ग्रिमाल्डी आणि मार्सिलिओ यांनी २००७ मध्ये दाखवले की अशा परिस्थितीत अतिवाहकता घडवून आणणारे युग्मन बरेच वाढू शकते.

आपल्यासोबत कोणी गणना करत असेल, तर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. स्पिन-कक्षा युग्मन वगळून लॅम्डा काढायचा आणि मागाहून त्याला स्पिनचा घटक गुणायचा, ही वाट सोयीची आहे पण जड अणूंसाठी चुकीची आहे. तरंगफलने आणि फोनॉन दोन्ही सापेक्षतावादी विभवांनिशीच काढले पाहिजेत. दुसरी गोष्ट थराच्या जाडीची. बिस्मथ सेलेनाइडचा पाच-अणुपातळ्यांचा एक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि असे सहा थर होईपर्यंत वरचा व खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळून डिरॅक बिंदूपाशी फट पडते. वेळ वाचवण्यासाठी तीन-चार थरांवर गणना केली, तर विरुद्ध स्पिनचा जोडीदार खालच्या पृष्ठावरून वर डोकावतो आणि निषिद्ध प्रकीर्णन गणनेत परत येते. असा लॅम्डा कोणत्याही प्रयोगाशी ताडून पाहू नये.

उत्तर : जुना_प्रयोगकर्ता

आकडे का जुळत नाहीत, याबद्दल थोडे लिहितो. उच्च तापमानाला फोनॉनांमुळे येणारी रेषारुंदी २ पाय गुणिले लॅम्डा गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान एवढी असते. १०० केल्विनपासून ३०० केल्विनपर्यंत गेल्यास लॅम्डा ०.२५ साठी रुंदी सुमारे २७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांनी वाढते, तर ०.०८ साठी ९ पेक्षाही कमी. दोषांमुळे आणि उपकरणाच्या विभेदनक्षमतेमुळे येणारी रुंदी स्थिर राहते असे धरून आपण उतार काढतो. ती स्थिर राहिली नाही, तर सारी चूक लॅम्डात जाऊन बसते.

हेलियमच्या प्रकीर्णनाची बाजू निराळी आहे. तिथे मोजली जाते ती पृष्ठीय फोनॉनची एक शाखा, आणि इलेक्ट्रॉनांमुळे तिची ऊर्जा किती बदलली यावरून युग्मन काढले जाते. इलेक्ट्रॉनच्या रेषारुंदीत सर्व फोनॉन आणि सर्व कोन एकत्र येतात. इथे एक फोनॉन आणि त्याच्याशी जुळणारे इलेक्ट्रॉन येतात. दोन्हींना लॅम्डा म्हणतात म्हणून त्या एकच राशी आहेत असे समजू नये.

ध्वनिशाखेच्या फोनॉनांबाबत एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फर्मी वर्तुळाची त्रिज्या ०.१ प्रति अँगस्ट्रॉम आणि ध्वनीचा वेग सेकंदाला अडीच हजार मीटर धरला, तर वर्तुळाच्या व्यासाइतका संवेग देणाऱ्या फोनॉनची ऊर्जा सुमारे ३.३ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तापमानाच्या भाषेत ४० केल्विनच्या आसपास येते. याच्या बरेच खाली गेल्यावर फक्त लहान कोनांचे प्रकीर्णन शिल्लक राहते, आणि लहान कोनांना स्पिनचा घटक १ च असतो. म्हणून स्पिनचा प्रभाव पाहायचा असेल तर अतिथंड तापमान उपयोगाचे नाही. याच्या वरचा पल्लाच उपयोगाचा आहे.

स्पिनच्या नावावर नको ते खपवले जाऊ नये, यासाठी बेरिलियमची आठवण करून देतो. त्याच्या (०००१) पृष्ठावर लॅम्डा १ च्या आसपास मिळाला आहे, निरनिराळ्या मोजमापांत साधारण ०.७ ते १.२, आणि अंतर्भागात तो ०.२४ आहे. बेरिलियम इतके हलके आहे की स्पिन-कक्षा युग्मनाचा तिथे संबंधच नाही. हा सारा फरक पृष्ठीय अवस्थेच्या स्वतःच्या घनतेचा आणि पृष्ठीय कंपनांचा आहे. याउलट, हायड्रोजनने झाकलेल्या टंगस्टनच्या (११०) पृष्ठावर १९९२ साली हेलियमच्या प्रकीर्णनात फोनॉनच्या आलेखात एक खोल दरी दिसली होती, आणि फर्मी रेषेच्या समांतर भागांमुळे ती पडते असे स्पष्टीकरण रूढ झाले होते. २००२ मध्ये त्याच पृष्ठीय अवस्था पूर्णपणे स्पिन-ध्रुवित असल्याचे मोजले गेले, आणि समांतर भागांचे स्पिन विरुद्ध असतील तर त्यांच्यातील प्रकीर्णनाला वर सांगितलेला स्पिनचा अडसर येतो. तेव्हापासून कोणत्याही पृष्ठावर दोन फर्मी रेषा समांतर दिसल्या तरी त्यांचे स्पिन कोणत्या दिशेला आहेत हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

लोहचुंबकीय पृष्ठांचा उल्लेख वर आला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. गॅडोलिनियमच्या (०००१) पृष्ठावरील अवस्थेचे २००२ मध्ये स्पिनभेदी मोजमाप झाले, त्यात बहुसंख्य स्पिनच्या इलेक्ट्रॉनची रुंदी मुख्यतः फोनॉनांमुळे आणि अल्पसंख्य स्पिनच्या इलेक्ट्रॉनची मुख्यतः मॅग्नॉनांमुळे (चुंबकीय स्पिनलहरींच्या ऊर्जापुंजांमुळे) असल्याचे दिसले. स्पिन वेगळे न करता मोजले असते, तर दोन्हींचे मिश्रण फोनॉनांच्या खात्यावर जमा झाले असते. लोखंडाच्या (११०) पृष्ठावरही १०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या पलीकडे ऊर्जेच्या रेषेत बाक दिसतो, आणि लोखंडातील फोनॉनांची ऊर्जा ४० पर्यंतही पोचत नाही. तो बाक फोनॉनांचा असूच शकत नाही.

लॅम्डा_शोधक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन वर्तुळांच्या बेरजेचा मुद्दा मी यापूर्वी कुठेही इतका स्पष्ट वाचला नव्हता, आणि अर्ध्याऐवजी शून्याची अपेक्षा धरून मी स्वतःच्याच मोजमापावर संशय घेत होतो हे आता कळते.

एक शंका उरते. माझ्या नमुन्यात फर्मी पातळी अंतर्भागाच्या वहनपट्ट्याच्या आत आहे, आणि रेषारुंदी मी फर्मी पातळीच्या जवळच मोजली आहे. तिथे अंतर्भागाच्या अवस्थाही उपलब्ध असतात, आणि त्यांना तर दोन्ही स्पिन आहेत. मग अर्ध्याचा हिशेब तरी तिथे लागू पडतो का?

सैद्धांतिक_वाचक

पडत नाही. आपली शंका अगदी योग्य जागी आहे. अंतर्भागातील प्रत्येक तरंगसदिशापाशी दोन्ही स्पिन उपलब्ध असल्यामुळे पृष्ठीय अवस्थेतून तिथे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला स्पिनचा अडसर राहत नाही, आणि त्या वाटेचे योगदान पूर्ण धरावे लागते. शिवाय शुद्ध स्पिनचा घटकही पुरेसा नाही : २०१० मधील गणनेनुसार या पदार्थाच्या पृष्ठीय अवस्थेचे स्पिन-ध्रुवीकरण १०० टक्के नसून जवळपास निम्मे आहे, कारण तिथे स्पिन आणि कक्षा एकमेकांत गुंतलेले असतात. बरोबर १८० अंशांचा निषेध कालव्युत्क्रमामुळे तसाच राहतो, पण मधल्या कोनांसाठी वरील कोसाइनचे सूत्र ही पहिली अदमासे किंमत समजावी. शक्य असेल तर रुंदी वहनपट्ट्याच्या तळाच्या खाली, फटीच्या ऊर्जेत मोजावी; तिथे पृष्ठीय अवस्था एकटी असते.

जुना_प्रयोगकर्ता

आणि एक काळजी घ्यावी. या पदार्थाचा उघडा केलेला पृष्ठभाग निर्वातातही काही तासांत बदलतो. पट्टे खाली वाकतात आणि वहनपट्ट्यातून पृष्ठालगत नवी द्विमितीय अवस्था तयार होते, जी पुढे स्वतःच स्पिनाने विभागलेली दिसू लागते. तापमान वाढवत नेण्याला जितके तास लागतात तितका पृष्ठभाग म्हातारा होत जातो, आणि त्यामुळे रुंदीत पडलेली भर तापमानामुळे पडली असे वाटू शकते. म्हणून थंडापासून गरमापर्यंत मोजून झाल्यावर पुन्हा थंड करून पहिल्याच तापमानाला रुंदी मोजावी. ती पहिल्या मोजमापाशी जुळली तरच उतारावरून लॅम्डा काढावा. जुळली नाही तर स्फटिक पुन्हा नव्याने उघडून, या वेळी गरमापासून थंडाकडे यावे, आणि दोन्ही उतार शेजारी ठेवून पाहावेत.